जुळे सोलापूरचा सात्त्विक डबा: आम्ही घेतोय, चव, भाव, वेळ सगळं सांगते

सोलापुरात सात्त्विक जेवण म्हटलं की लोकं आधी तोंड वाकडं करतात, कारण आपल्याकडे लसणाशिवाय शेंगा चटणी नाही आणि तर्रीशिवाय आमटी नाही. जुळे सोलापुरात दोघी जावा घरातूनच योगिक पद्धतीचा डबा देतात असं योगाच्या क्लासमधल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी तिला पहिलं हेच विचारलं, चव असते का गं? असते. आणि नुसती असते असं नाही, मला तर आता बाहेरचं खाल्लं की तेल आणि मीठ लगेच जाणवतं.

त्यांचा बोर्ड वगैरे काही नाही, नावही ठेवलेलं नाही, सगळे काकूंचा डबा म्हणूनच ओळखतात. दुपारचा डबा ११० रुपये, महिन्याचा घेतला तर थोडा कमी पडतो. त्यात ज्वारीच्या दोन भाकरी (मालदांडी जातीच्या ज्वारीच्याच, पांढऱ्याशुभ्र आणि मऊ), एक भाजी, मुगाचं वरण, थोडा भात, कोशिंबीर, वर तुपाची छोटी वाटी. भाजी रोज वेगळी, दोडका, दुधी, पडवळ, कधी चाकवत, थंडीत करडईची पालेभाजी. मिरची आहे पण हात राखून, फोडणीत जिरं, आलं, कढीपत्ता, आणि वरून ओलं खोबरं नाहीतर शेंगदाण्याचं कूट. शुक्रवारी हुग्गी असते, खपली गव्हाची, गूळ घालून शिजवलेली, वर वेलची आणि तुपाची धार, दाणा दाताखाली आला पाहिजे पण टचटचीत नको, तसा बरोब्बर शिजवलेला असतो. ती हुग्गी खाण्यासाठी आमच्या ऑफिसमधल्या दोघांनी डबा लावलाय.

आता मुद्द्याचं. शहरात हल्ली बऱ्याच ठिकाणी सात्त्विक थाळी लिहिलेलं दिसतं आणि ताटात काय तर काजूच्या ग्रेव्हीतलं पनीर, तळलेल्या पुऱ्या, दोन गोड पदार्थ, आणि वर अनलिमिटेड. कांदा-लसूण काढला म्हणजे जेवण सात्त्विक झालं असं अजिबात नाही हो. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितलेत, ८ ते १० हे श्लोक काढून बघा, त्यात कांद्या-लसणाचं नावसुद्धा नाही. तिथे आहे ते असं की रसाळ, स्निग्ध, अंगी लागणारं, मनाला बरं वाटणारं ते सात्त्विक, अति तिखट, अति आंबट, अति खारट, जळजळ करणारं ते राजस, आणि करून प्रहर उलटलेलं, रस गेलेलं, वास येणारं, शिळं ते तामस. म्हणजे ताजेपणा ही मुख्य गोष्ट. प्रहर म्हणजे तीन तास. काकूंकडे अकराला भाकऱ्या थापायला सुरुवात होते आणि साडेबारापर्यंत डबा सात रस्त्याला माझ्या टेबलावर, वरणाला वाफ असते अजून. फ्रीजमधलं काल चिरलेलं काही नाही, भाजी सकाळीच मंडईतून येते. मी या डब्याला मार्क देते ते यासाठी.

दुसरं म्हणजे माप. हठयोगप्रदीपिका नावाचा पंधराव्या शतकातला ग्रंथ आहे, त्यात मिताहार सांगताना पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवा असं स्पष्ट आहे. आणि गीतेत सहाव्या अध्यायात तर दोन्ही बाजू आहेत, फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. त्यामुळे ज्यांना वाटतं योगाचं जेवण म्हणजे उपाशी राहणं, त्यांनी हे वाचावं. डब्याचं माप माझ्यासारख्या बसून काम करणाऱ्या बाईला बरोबर पुरतं, जेवून उठल्यावर जडपणा नाही, तीन वाजता डुलकी यायची ती बंद झाली. पण आमच्या ह्यांचं नवी पेठेत दुकान आहे, दिवसभर चादरींचे गठ्ठे उचलायचे, त्यांना दोन भाकरीत काय होणार. जादा भाकरी १५ रुपयाला मिळते, त्यांच्या डब्यात आता चार असतात आणि काकूंनी स्वतःच सांगितलं की कष्टाच्या माणसाने मोजून खाऊ नये, भूक बघून खावं.

ह्यांचं पहिलं मत होतं, चव नाही की ओ ह्याला! आणि त्याला कारण चटणी. काकूंची शेंगा चटणी बिनलसणाची, दाणे मंद भाजून, साल काढून, जिरं आणि थोड्या तिखट-मिठाबरोबर उखळात कुटतात, मिक्सरला लावत नाहीत, त्यामुळे बोटाला तेल लागतं आणि दाण्याची कणी शिल्लक राहते. मला ती खूप आवडते, भाकरी आणि तूप असेल तर दुसरं काही नको. पण खरं सांगायचं तर ही आपली सोलापुरी चटणी नव्हे, लसणाचा झणका जो पाहिजे तो नाही, आणि ज्याला तोच हवाय त्याने घरची पुडी जवळ ठेवावी, आमच्याकडे तेच चालू आहे, त्यावरून कोणी भांडत नाही.

ताकावरून मात्र मी काकूंना विचारलंच. कारण त्याच हठयोगप्रदीपिकेत दही, ताक, हिंग, कुळीथ हे सगळं लसणाच्याच यादीत, अपथ्य म्हणून दिलंय, आणि यांच्या डब्यात मार्च लागला की ताकाची बाटली येते. थोरल्या काकू म्हणाल्या, "अगं, ते नियम दिवसभर प्राणायाम-आसनं करणाऱ्या साधकाचे. सोलापूरच्या उन्हात बेचाळीस डिग्रीला बाईमाणूस बसने येतंय-जातंय, तिचं ताक बंद करून मी काय पुण्य मिळवू?" मला पटलं. त्या ग्रंथातल्या चांगल्या धान्यांत गहू, तांदूळ, जव आहेत, ज्वारी नाही, पण म्हणून आपण ज्वारी सोडायची का? आपल्या मातीत येतं, आपल्या पोटाला सवयीचं आहे, ते ताजं करून मापात खाणं हेच मला त्यातलं घेण्यासारखं वाटतं. हिंग मात्र त्या खरंच घालत नाहीत, आणि कडक भाकरी देत नाहीत, ती टिकवायची वस्तू म्हणून. कडक भाकरी आवडणाऱ्यांना थोडं जड जाईल.

एकादशीला पूर्ण फराळ असतो, भगर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, एखादं फळ. साबुदाणा नाही, तळलेलं काही नाही. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, वारकरी घरं भरपूर, त्या दिवशी डबे वाढतात म्हणून आदल्या दिवशी दुपारीच सांगावं लागतं.

डब्यासोबत पहिल्या दिवशी एक चिठ्ठी येते, हाताने लिहिलेली. बसून खा, मोबाईल बाजूला ठेवा, पहिला घास नीट चावा, रागात असाल तर दहा मिनिटं थांबून जेवा. मी ऑफिसमध्ये कॉम्प्युटरसमोरच जेवायचे, मेल बघत बघत, आता स्क्रीन बंद करते. पण रागात थांबून जेवायच्या सूचनेने मला सगळ्यात जास्त फरक पडलाय. भांडून आल्यावर खाल्लेलं अन्न कसं छातीत बसतं हे ज्याला ॲसिडिटी आहे त्याला विचारा. माझी ॲसिडिटी कमी आहे, पण ती डब्याने की शांत बसून खाल्ल्याने हे मी छातीठोक सांगणार नाही, बहुतेक दोन्हीने. सासूबाईंना शुगर आहे, त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारूनच डबा लावला, हुग्गी आणि भात काढून टाकायला सांगितलं तर त्याऐवजी भाजी जास्त देतात, वेगळे पैसे नाहीत. गोळ्या चालूच आहेत, कोणी डब्यावर विसंबून औषध बंद करू नका.

जे नाही आवडलं ते पण लिहिते. रात्रीचा डबा साडेसहाला येतो, आणि आपल्याकडे दुकानदार माणूस घरी येतो साडेनऊला. तोपर्यंत भाकरी चिवट आणि वरण थंड, मग गरम करा, आणि पुन्हा गरम केलेलं खाऊ नये असं तर याच योगाच्या ग्रंथात लिहिलंय. पोरगा एकच आहे पोहोचवायला त्यामुळे त्यांची अडचण समजते, पण मग रात्रीचा डबा बंद करावा नाहीतर लवकर जेवणाऱ्यांनाच द्यावा असं माझं म्हणणं. आम्ही रात्रीचा सोडला, घरी मुगाची खिचडी नाहीतर ज्वारीच्या कण्या करते. आणि गरम वरण प्लास्टिकच्या डबीत देतात ते मला अजिबात पटत नाही, बाकी सगळं स्टीलचं आणि नेमकं वरणच प्लास्टिकमध्ये. सांगितलंय, बघतो म्हणाल्यात.

ज्यांना घ्यायचाय त्यांनी एक आठवडा फक्त दुपारचा लावून बघा, पहिले दोन-तीन दिवस फिकं लागेल तेवढं सोसा. रविवारी बंद असतं. जुळे सोलापूर, विजापूर रोड, सात रस्ता, होटगी रोड एवढ्याच भागात पोचवतात, बाळे किंवा अक्कलकोट रोडवाल्यांना स्वतः जाऊन आणावा लागेल. चटणी पाव किलोच्या पुडीत वेगळी पण मिळते, त्यासाठी दोन दिवस आधी सांगा, कारण कुटायचं काम धाकट्या काकू एकट्याच करतात.