पुराची तयारी : कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घरात नऊ महिने वापरून झाल्यावर

२०२४च्या मे महिन्यात आम्ही पुरासाठी घराची नव्याने तयारी केली. त्याला आता नऊ महिने झाले. मध्ये जुलैअखेरीस पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४७ फूट ओलांडले, पाणी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलं आणि दोन दिवस वीज नव्हती. घरात पाणी शिरलं नाही, म्हणजे २०१९ किंवा २०२१सारखी पुरी परीक्षा झाली नाही. पण काय उपयोगी पडलं आणि कशानं नुसती जागा अडवली, एवढं कळायला ते दोन दिवस पुरे होते.

आधी घर सांगते. तळमजला, वर एक मजला आणि मध्ये १४ पायऱ्यांचा अरुंद जिना. माणसं पाच : मामा (माझे सासरे), आत्ती (सासूबाई), हे, मी आणि आठवीतली मुलगी. ह्यांची शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत पाळीची नोकरी. २०२१च्या जुलैत पाणी चढत होतं त्या रात्री हे तिकडेच अडकले, महामार्ग बंद झाला. घरात सत्तरीतली दोघं, लहान मुलगी आणि मी. कागदपत्रं आणि ठेवणीतल्या साड्या असलेली लोखंडी ट्रंक मला पहिल्या पायरीवरही चढवता आली नाही. ती तिथंच पाण्यात गेली. जिन्याखालची इन्व्हर्टरची बॅटरीही गेली, तिचं वजन ६० किलोच्या आसपास. त्या वर्षी पाणी ५६ फूट ३ इंचांवर गेलं होतं. तेव्हापासून काहीही घेताना मी एकच बघते : हे मला एकटीला जिन्यावरून वर नेता येईल का?

माझा मावसभाऊ कॅनडात विनिपेगला असतो. त्यानं त्यांच्याकडची यादी पाठवली होती. तिथं सरकारच सांगतं की प्रत्येक घरानं ७२ तास स्वतःच्या बळावर राहण्याची तयारी ठेवावी. त्यांची काळजी वेगळी : नळ गोठून फुटू नयेत, वीज गेली तरी घरात ऊब राहावी. ब्लँकेटं, बर्फ काढायचं फावडं हे सगळं मी सोडून दिलं. ७२ तासांचा हिशेबही आपल्याला पुरत नाही. २०१९ला महामार्ग कित्येक दिवस बंद होता, पेट्रोल अत्यावश्यक गाड्यांसाठी राखून ठेवलं होतं आणि उपसा केंद्रंच बुडाल्यामुळे सगळीकडे पाणी असून नळाला पाणी नव्हतं. म्हणून मी सात दिवस धरले. त्याच्या यादीतली एक सूचना मात्र जशीच्या तशी घेतली : बंद खोलीत शेगडी पेटवायची नाही. आपल्याकडेही पावसाळ्यात कपडे वाळवायला खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात. तिच्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही.

पाण्यात माझी पहिली चूक झाली. मे महिन्यात २० लिटरचे सहा जार घेतले. भरलेला एक जार २० किलोच्या वर जातो आणि हात घसरला की जिन्यावर फुटतो. जूनमध्येच ते बदलून ५ लिटरचे झाकणाचे कॅन घेतले. एका हातात एक, दुसऱ्या हातात एक, सात फेऱ्यांत ७० लिटर वर. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज २ लिटर धरले, तर पाच माणसांना सात दिवस होतात. वापरायच्या पाण्याचं पिंप वरच्या गॅलरीत कायमचं ठेवलंय. गच्चीतल्या टाकीच्या भरवशावर राहू नका. वीज गेली की मोटर बंद, आणि टाकी संध्याकाळपर्यंत रिकामी होते. कॅनमधलं पाणी दर पंधरवड्याला झाडांना घालून पुन्हा भरते. पूर ओसरल्यावर नळाला जे पहिलं गढूळ पाणी येतं, ते गाळून, खळखळून उकळल्याशिवाय कुणाला देत नाही. पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरची बाटली असतेच, पण तिच्यावरची तारीख बघून.

आता विजेचं. जुन्या इन्व्हर्टरऐवजी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची, ५१२ वॉट-तासांची, हातात धरून नेता येणारी पेटी घेतली. वजन सव्वासात किलो. महाग आहे, हे खरंच. पण पाणी वाढतंय म्हटल्यावर आत्तींनीच ती उचलून वर नेली. माझ्यासाठी किमतीचा प्रश्न तिथंच मिटला. पेटीवर ५१२ लिहिलेलं असलं तरी हाती ४३०च्या आसपास पडतात. पहिल्या रात्री कमी विजेचा २८ वॉटचा पंखा आठ तास, ९ वॉटचे दोन दिवे सहा तास आणि चार मोबाइल, एवढं चाललं. सकाळी थोडंच शिल्लक होतं. दुसऱ्या रात्री पंखा बंद ठेवला. मिक्सर, इस्त्री, फ्रिज यांचा विचारही करू नये.

दोन खोडी सांगायलाच हव्यात. पेटीवरच्या प्लगचं बटण चालू राहिलं की काही जोडलेलं नसतानाही रात्रभरात वीसेक टक्के चार्ज जातो. त्या बटणावर मी लाल टिकली लावली आहे. दुसरी खोड सोबतच्या १०० वॉटच्या सौर पॅनेलची. विकणाऱ्यानं चुकीची पिन दिली, ती बदलून मिळायला तीन आठवडे लागले. आणि जुलैच्या झडीत त्यातून १०-१५ वॉटच्या वर काही आलं नाही. ज्या दिवसांसाठी घ्यायचं, त्याच दिवसांत ऊन नसतं. कोल्हापुरात पुरासाठी म्हणून पॅनेल घेऊ नका, ते पैसे दुसऱ्या पेटीत घाला.

मामांचं इन्सुलिन ही माझी सगळ्यांत मोठी धास्ती होती. डॉक्टरांना विचारलं तेव्हा कळलं की वापरात असलेलं पेन साध्या तापमानाला, ३० अंशांच्या आत, साधारण चार आठवडे चालतं, प्रकारानुसार थोडा फरक पडतो. न उघडलेली पेनं तेवढी थंडाव्यात हवीत. ती डबीत घालून, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माठात ठेवली. आपापल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, पुराच्या दिवशी फोन लागत नाही.

गॅसचा भरलेला मोठा सिलिंडर ३० किलोच्या घरात जातो. वर ५ किलोचा ठेवला आहे. भात-आमटी आणि चहा एवढाच स्वयंपाक केला तर आठवडा सहज निघतो. खालचा मोठा सिलिंडर रेग्युलेटर काढून, टोपी लावून, खिडकीच्या गजाला साखळीनं बांधते. पाण्यात तो तरंगतो आणि दारावर आदळतो, २०१९ला शेजारच्या घरात आम्ही ते बघितलंय.

खाण्याची तयार पाकिटं आणली होती. मामांना ती सोसली नाहीत, मुलीनं हात लावला नाही. मेतकूट, भडंग, गूळ-शेंगदाणे, कांदा-लसूण चटणी हेच खरं. भडंग पावसाळ्यात चार दिवसांत सादळतं, म्हणून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात छोट्या पुड्या करून ठेवते.

कागदपत्रांचा मात्र मला धक्का बसला. पाणी लागू नये म्हणून प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवलेल्या मालमत्तापत्रकाच्या नकलेवर सप्टेंबरात बुरशी आली. भरताना कागद दमट होते. आता उन्हात वाळवून, सिलिका जेलची पुडी घालून ठेवते आणि गणपतीनंतर एकदा उघडून बघते. सातबारा, आधार वगैरे डिजिलॉकरमध्येही आहेत.

गमबूट, खराटा, ब्लीचिंग पावडर यांवर कमी लिहिते, पण गमबूट आधी घ्या. पायाला जखम असताना पुराच्या पाण्यात उतरलं की लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) तापाची भीती असते.

आणि फ्रिजवर एक कागद. ३५ फूट : कॅन भरायचे, पेटी चार्ज करायची. ३९, म्हणजे इशारा पातळी : सामान वर, गाडी पेट्रोल भरून राजारामपुरीला नणंदेकडे. ४३, म्हणजे धोका पातळी : मामा-आत्ती तिकडे. जुलैत तिसऱ्या ओळीला मामा तयार होईनात. “५० फुटांपर्यंत आपल्या घरात येत नाही,” असं म्हणत राहिले. शेवटी आत्तींनी त्यांची पिशवी स्वतः दारात आणून ठेवली आणि म्हणाल्या, “चला, राधानगरी धरणाचे दरवाजे तुम्हाला विचारून उघडत नाहीत.” मग निघाले.

या मेमध्ये एक बदल करणार आहे. मुलगी आता ९ किलो सहज उचलते. तिची पिशवी वेगळी भरायची, आणि ती तिनंच भरायची.