विश्रामबागवाडा की मंडई? हाताशी दोनच तास असतील तर

पुण्यात पाहुणे आलेत, शनिवारवाडा बघून झालाय, आता आणखी एकच जुनी वास्तू दाखवायची आहे. अशा वेळी विश्रामबागवाडा आणि महात्मा फुले मंडई ही दोन नावं पुढे येतात. दोन्हींत अंतर जेमतेम दहा मिनिटांचं, मध्ये तुळशीबाग. (तिथे शिरलात तर दोन तासांचा हिशेब विसरा.)

विश्रामबागवाड्याइतके बिऱ्हाडकरू पुण्यातल्या फार थोड्या वास्तूंनी पाहिले असतील. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो स्वतःला राहायला बांधला. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि तीनच वर्षांत, १८२१ मध्ये, इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा उघडली. खर्च कुठून? पेशवे श्रावणात ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत, त्या पैशातून. याच पाठशाळेची पुढची पायरी म्हणजे आजचं डेक्कन कॉलेज. १८७९ च्या जाळपोळीत बुधवारवाडा खाक झाला, या वाड्यालाही झळ बसली. पुढे इथे नगरपालिकेची कचेरी आली, पोस्टही आलं.

पण हे सगळं आधी वाचून गेलात तरच दिसतं. आत पाठशाळेची खूण नाही, कचेरीचीही नाही. बघायचं ते रस्त्यावरून, समोरच्या फुटपाथवर उभं राहून: सज्जाचे सुरूच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब. बाजीराव रस्त्याच्या गर्दीत माणसं मान वर न करताच पुढे जातात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

मंडईचं उलट आहे. नाव बदललं, काम तेच राहिलं. शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरणारा भाजीबाजार इथे आणला, १८८६ मध्ये इमारत खुली झाली आणि गव्हर्नरच्या नावाने ती रे मार्केट म्हणून ओळखली जाऊ लागली. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. त्यापेक्षा शिक्षणावर पैसा घाला, असं त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने याच इमारतीला फुल्यांचं नाव मिळालं. फुल्यांना हे कितपत रुचलं असतं, कोण जाणे!

अष्टकोनी मधला भाग, वर टोकदार मनोरा, खाली गाळे. विक्रेते उंच ओट्यावर बसतात, त्यामुळे भाव करताना गिऱ्हाइकाला मान वर करावी लागते. वरच्या मजल्यावर एके काळी नगरपालिका होती, तीच पुढे विश्रामबागवाड्यात गेली. बाहेरचा टिळकांचा पुतळा १९२४ चा.

माझं मत विचाराल तर सकाळ मोकळी असेल तर मंडई, तीही लवकर, माल ताजा असताना. लहान मुलं बरोबर असतील तर दुसरा विचारच नको. वाड्यात ती पाच मिनिटांत कंटाळतील. लाकडी कोरीवकामाची आवड असेल किंवा पेशवाईनंतरचं पुणं समजून घ्यायचं असेल, तर मात्र वाडा. डागडुजीमुळे तो अधूनमधून बंद असतो, आधी चौकशी करा. बंद निघालाच तर दर्शनी बाजू रस्त्यावरून बघा आणि तसंच मंडईकडे चालू लागा. गाडी आणू नका. मंडईला आता भुयारी मेट्रोचं स्टेशन आहे.