इलेक्ट्रॉनिक इयरमफ घालून शिकार: 10 महिन्यांनंतर

कुडाळजवळच्या आमच्या गावात आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. रानडुकरं भातात उतरली की ते रात्री मांगरातून बार काढायचे, बहुतेक वेळा हवेतच. म्हातारपणी त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला बसावं लागे. डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं. घरात सगळे म्हणायचे, वय झालं. पण वयाने जातात ते दोन्ही कान साधारण बरोबरीने जातात. एकाच बाजूची पंचाईत असेल तर कारण बहुधा दुसरं असतं. हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं, माझ्या ऑडिओग्रामवर (कानाच्या तपासणीच्या आलेखावर) डाव्या कानाची रेष 4000 हर्ट्झपाशी खड्ड्यात उतरलेली दिसली तेव्हा.

कारण साधं आहे. दस्ता उजव्या खांद्याला लावून गालाशी भिडवला की उजवा कान डोक्याच्या आडोशाला जातो आणि डावा नळीच्या तोंडाकडे वळतो. आवाजाचा मार तोच खातो. घरी याचा परिणाम असा की बायको "सहा" म्हणाली की "दहा" हे मला तिच्या चेहऱ्यावरून ठरवावं लागतं. स, श, फ असल्या बारीक आवाजाच्या अक्षरांचं काम वरच्या पट्टीत चालतं, आणि पहिला घाला तिथेच पडतो. कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

मी अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये राहतो, मॅडिसनच्या पश्चिमेला, डोंगर-दऱ्यांच्या भागात. (भारतात 1972 च्या कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे हे सगळं इथल्यापुरतं. तिकडे रेंजवर नेमबाजी करणाऱ्यांना अर्धंअधिक लागू पडेल.) इथे 1 जानेवारी 1973 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय शिकारीचा परवाना मिळत नाही. तो मी केला आणि शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या रानात चार वर्षं हरणं मारली. रेंजवर कानात फोमचे बोळे न चुकता घालायचो, रानात मात्र खिशात. बोळे घातले की पाचोळ्यावरचं पाऊल ऐकू येत नाही, आणि पाऊल ऐकू येणार नसेल तर मचाणावर बसून करायचं काय? "वर्षाला दोन-तीन तर बार" अशी मनाची समजूत घालायची. शिवाय एनसीसीत आम्ही पॉइंट टू-टू कापसाचा बोळा घालून चालवली होती, काय झालं? झालं ते आता कागदावर दिसतंय. कापसाने जवळपास काहीही अडत नाही, आणि पॉइंट टू-टूसारख्या किरकोळ रायफलचा आवाजसुद्धा 140 डेसिबलच्या घरात जातो. माझी .308 रायफल त्याच्या कितीतरी वर, 160 च्या पुढे. मोठ्या माणसाच्या कानाला क्षणभराच्या आवाजाची मर्यादा 140 धरतात. म्हणजे दोन-तीन बार हे गणितच चुकीचं होतं. एक पुरतो.

तर मागच्या ऑगस्टमध्ये 70 डॉलरचे इलेक्ट्रॉनिक मफ घेतले, म्हणजे बाराचा आवाज दाबणारे पण पाचोळ्यावरचं पाऊल ऐकू देणारे कान झाकायचे कप. कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीतले सगळे साधारण एकाच जातीचे असतात, आणि पुढे थोडी कुरकुरही करायची आहे.

आधी एक गैरसमज. बऱ्याच जणांना वाटतं की मोठा आवाज झाला की यांचं दार बंद होतं. तसं काही नाही. दार कायम बंदच असतं. कप आणि त्याची गादी कानाभोवती घट्ट बसते तेच संरक्षण, आणि सेल संपले तरी ते तेवढंच राहतं. बाहेरच्या बाजूला दोन माइक, आत दोन छोटे स्पीकर. हळू आवाज ते वाढवून आत सोडतात आणि बाहेर आवाज 82 डेसिबलच्या वर गेला की स्पीकर हात आखडता घेतो. स्वस्तातले काही मफ अशा वेळी सगळाच आवाज तोडून टाकतात आणि क्षणभर आपण विहिरीत पडल्यासारखे होतो. माझे तोडत नाहीत, दाबतात. घेताना हा फरक दुकानातच टाळी वाजवून बघा.

डब्यावर एनआरआर 22 लिहिलंय, म्हणजे आवाज किती डेसिबलने कमी होतो तो आकडा. 160 मधून 22 गेले, उरले 138, असं म्हणून खूश होऊ नका. तो आकडा प्रयोगशाळेतला. प्रत्यक्षात चष्मा, दाढी, टोपी, घाम सगळे त्यातून आपापला हिस्सा घेतात. इथलं कामगार सुरक्षा खातं तर कारखान्यांसाठी सरळ निम्मा आकडा धरायला सांगतं. म्हणून रेंजवर मी खाली फोमचे बोळे आणि वर मफ असं दोन्ही घालतो, आणि मफचा आवाज पूर्ण वाढवतो. बोळ्यांमधूनही शेजारच्याचं बोलणं आणि रेंज ऑफिसरची हाक कळते. दोन्ही घातल्याने बेरीज होत नाही, जेमतेम पाचेक डेसिबल वाढतात. पण शेजारच्या बाकावर कुणी मझल ब्रेक (नळीच्या तोंडाला बसवायचा तुकडा) लावलेली रायफल घेऊन बसला असेल तर त्या पाचांची किंमत कळते. ब्रेक त्याच्या खांद्याचा धक्का कमी करतो आणि आवाज आपल्या कानात ओततो.

सप्टेंबर रेंजवर गेला. ऑक्टोबरात उत्तरेला ग्राउझच्या मागे हिंडलो. हा कोंबडीएवढा पक्षी पायाखालून भुर्रकन उठतो आणि बारा बोर खांद्याला लागेपर्यंत झाडाआड झालेला असतो. इथे मफचा पहिला दोष कळला. आवाज डावीकडून आला की उजवीकडून हे नीट समजतं, पण पुढून की मागून, वरून की खालून, हे समजत नाही. ते काम आपल्या कानाच्या पाळीच्या वळ्या करतात आणि मफने त्याच झाकलेल्या. पहिले दोन दिवस मी भलतीकडेच वळत होतो. मग सवय लागली, पूर्ण नाही. माइकला वारा लागला की खर्रखर्र होते तीही वेगळीच. फोमच्या छोट्या टोप्या चिकटवल्यावर निम्म्याने कमी झाली.

खरी परीक्षा नोव्हेंबरात. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो. पहाटे उणे 9, अंधारात मचाणावर चढून बसलो आणि मफ चालू केले. आजवर ज्या रानात नुसता बसत होतो ते एकदम कानाशी येऊन बोलायला लागलं. खार पाचोळ्यात धावली की वाटतं सांबराएवढा नर येतोय. पहिल्या तासात तीनदा रायफल उचलली, तिन्ही वेळा खार. माझ्याच जॅकेटची बाही घासली की कुणी ताडपत्री ओढतंय असं वाटे. त्यात दिवाळीच्या फराळातल्या चकल्या डब्यात नेल्या होत्या. मफ लावून चकली खाऊन बघाच एकदा. कान बंद असले की आपल्या जबड्याचा आवाज हाडांतून आतल्या आत घुमतो. गिरणीत बसून जेवल्यासारखं. दुसऱ्या दिवसापासून थालीपीठ.

चारच्या सुमाराला रान एकाएकी शांत झालं. मला बरं वाटलं, म्हटलं वारा पडला. अर्ध्या तासाने मान वळवली तर मागे, पंधरा पावलांवर, मादी उभी. ती माझ्याकडे बघत होती. कधी आली, कुठून आली, पत्ता नाही. चार तास बटणाला हात लागला नाही की हे मफ सेल वाचवण्यासाठी आपोआप बंद होतात, आणि बंद होताना कसलीही सूचना देत नाहीत. आता दर दीड-दोन तासांनी आवाजाची चकती पूर्ण मागे फिरवून पुन्हा चालू करतो.

चौथ्या दिवशी सकाळी नर आला. बार झाला. आणि ज्यासाठी ही सगळी उठाठेव, ते तेव्हा झालं. पूर्वी बार झाल्यावर कानाला दडे बसायचे, डोक्यात शिट्टी सुरू व्हायची आणि जनावर कुठे गेलं ते फक्त डोळ्यांवर विसंबून ठरवायचं. या वेळी एक दबका धप्प आवाज आला, आणि लगेच खुरं ऐकू आली. डावीकडे उताराला, सुक्या फांद्या मोडत, मग काटेरी झुडपांत काहीतरी जड पडल्याचा आवाज. मग काही नाही. अर्धा तास थांबून मी रक्ताचा माग न काढता थेट त्या झुडपांकडे चालत गेलो. 80 यार्डांवर पडला होता. शेजारचा म्हातारा, ज्याचे दोन्ही कान व्हिएतनामपासून कामातून गेलेत, तो म्हणाला, "तू ऐकलंस?" त्याने तीन वेळा विचारलं.

आता बारीकसारीक. टोपी आधी आणि मफ वर, असं घातलंत तर लोकर गादीखाली येते आणि फट राहते. मफ आधी, टोपी वर. चष्म्याच्या जाड काड्यांचंही तेच. मी बारीक तारेच्या काड्यांचा वेगळा चष्मा केला, तो मफपेक्षा महाग पडला. सगळ्यात फसवा प्रकार दस्त्याचा. गाल टेकला की उजव्या कपची खालची कडा दस्त्याला अडते आणि कप किंचित वर उचलला जातो. नेमका बार काढायच्या क्षणी संरक्षण उघडं! घरी रिकामी रायफल खांद्याला लावून आरशात बघितल्यावर हे लक्षात आलं. खालून निमुळते, पातळ कप घ्यावेत हे तेव्हा कळलं. माझे मध्यम आहेत. बँड थोडा मागे सरकवून भागवतो.

सेल: दोन ट्रिपल-ए. साधे अल्कलाइन थंडीत दुपारीच मान टाकतात. लिथियमचे अख्खा हंगाम गेले. हंगाम संपल्यावर सेल काढून ठेवा. मी एकदा जुने अल्कलाइन विसरलो, तर स्प्रिंगवर पांढरी बुरशी चढली होती. व्हिनेगरने पुसली, चालतंय. जानेवारीत एका बाजूची वायर बँडमधून बाहेर येते तिथे तिचं आवरण तडकलं. कंपनीला फोटो पाठवले, त्यांनी पावती मागितली, पावती पाठवली, मग खोक्यावरचा नंबर मागितला. खोकं मी ऑगस्टमध्येच टाकून दिलेलं. शेवटी काळी चिकटपट्टी. गाद्या बदलून मिळतात, 20 डॉलर. घामाने कडक झाल्या की बदलायच्याच, कारण फट तिथूनच पडते.

एप्रिलमध्ये टर्की पक्ष्याच्या शिकारीला मात्र मी हरलो. टर्कीची सगळी मजा नर कुठून ओरडतोय हे ओळखण्यात. दरीत आवाज घुमतो आणि मफ त्यात भर घालतात. समोरच्या टेकडीवर म्हणून ज्याला बोलावत होतो तो मागच्या कुरणातून आला, मला पाहिलं आणि गेला. आता टर्कीला बसताना ओरडण्याच्या वेळी एक कप कानामागे सरकवतो आणि पक्षी दिसला की परत ओढतो. तो ओढायला विसरायची भीती आहे, हे कबूल. कानात बसणारे इलेक्ट्रॉनिक बोळे पाळी उघडी ठेवतात, त्यांत दिशा जास्त कळते म्हणतात. पण चांगल्या जोडीला कित्येक शे डॉलर पडतात, आणि माझ्या हातून पाचोळ्यात एक पडला की तो खारीचा.

सायलेन्सरबद्दलही विचारलं जातं. इथे चालतो. पण रायफलीचा आवाज 20 ते 30 डेसिबलने उतरवूनसुद्धा तो 140 च्या आसपासच राहतो, आणि गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जाते तिचा कडाका वेगळाच. मफ सुटत नाहीत.

तर पुन्हा घेईन का? याच किमतीत घेईन, पातळ कपचे. फोमचे बोळे 22 च्या जागी 32 देतात, कागदावर तेच सरस. पण ते माझ्या खिशात असायचे, हे मात्र त्या पहाटेपासून कानावर आहेत.

या महिन्यात मुलीसाठी लहान बँडची एक जोडी घेतली. ती 12 वर्षांची आहे, यंदा माझ्याबरोबर मचाणावर बसणार. मुलांच्या कानांना जागतिक आरोग्य संघटनेने मर्यादाच 120 ची घातलीय, म्हणून तिच्यासाठी बोळे आणि मफ दोन्ही, रानातसुद्धा. रंग तिने निवडला, झगझगीत गुलाबी. 2016 पासून इथे शिकारीत नारिंगीऐवजी तो रंगही चालतो. पार्सल उघडल्यापासून ती मफ लावून घरभर फिरतेय. काल जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून मला खुणेने बोलावलं आणि हळूच सांगितलं, आई खाली स्वयंपाकघरात मावशीशी फोनवर तुमच्याबद्दल काय बोलतेय ते.