हिवाळ्यात सौर बागदिवे: अंगणातच ठेवावेत की काढून ठेवावेत?

दिवे हिवाळ्यात घरात काढून ठेवावेत, हा सल्ला मुळात बर्फ पडणाऱ्या देशांतला आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात पाणी गोठत नाही आणि डिसेंबरातही दिवस अकरा तासांहून मोठा असतो. त्यामुळे येथे दिवे अंगणातच ठेवणे मला अधिक योग्य वाटते.

मात्र त्यांची जागा पाहावी लागते. २१ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ५१ अंशांवरच असतो, आणि उन्हाळ्यात उन्हात असलेला दिवा तेव्हा कंपाउंडच्या भिंतीच्या किंवा नारळाच्या सावलीत सापडतो. सौरपट्टीवर दवामुळे चिकटलेली धूळ दर आठवड्याला ओल्या मऊ कापडाने पुसावी. उजेड तरीही लवकर मंदावत असेल, तर सेल जुना झाला असण्याची शक्यता असते, १.२ व्होल्टच्या रिचार्जेबल सेलच्या जागी घड्याळाचा साधा सेल कधीही घालू नये.

काढून ठेवण्याचा पर्याय महिनाभर घर बंद राहणार असेल तरच घ्यावा. दिवा पूर्ण चार्ज करून, बटण बंद करून, सेल वेगळा काढून कोरड्या कपाटात ठेवावा. सेल आतच आणि बटण चालूच राहिले तर कपाटातल्या अंधारात दिवा रात्रंदिवस जळतो आणि सेल पार उतरतो. खरे तर ही मेहनत आपल्याकडे पावसाळ्यासाठी राखावी. खानापुरातला आषाढ या दिव्यांना थंडीपेक्षा कितीतरी जड जातो.