जुनी फोर बाय फोर जीप: अकरा महिन्यांचा वापर आणि आवाजांचा माग

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर शहाद्याजवळच्या एका शेतकऱ्याकडून मी पंचवीस वर्षांहून जुनी डिझेल जीप घेतली. पुढे-मागे पाटे, पार्ट-टाइम (हवे तेव्हाच जोडायचे) फोर बाय फोर, पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे फ्री व्हीलिंग हब (चाके पुढच्या ॲक्सलपासून मोकळी करणारे) आणि ट्रान्सफर केसच्या (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीच्या) मागे बसवलेला हँडब्रेक, अशी तिची साधी बांधणी आहे. अकरा महिन्यांत ती नऊ हजार किलोमीटरच्या आसपास चालली. त्यातला मोठा भाग चोपड्याकडच्या शेताच्या वाटेवर, आणि उरलेला तोरणमाळचा घाट व रावेर तालुक्यातील पालच्या जंगलवाटांवर. इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होते, काळ्या मातीच्या चिखलातून गाडी निमूट निघते, स्टिअरिंग मात्र जड आहे. याहून अधिक लिहिण्यासारखा विषय आहे तो गाडीखालून येणाऱ्या आवाजांचा, कारण जुनी जीप घेणाऱ्याचा सर्वाधिक पैसा चुकीचा भाग बदलण्यात जातो.

पहिल्याच आठवड्यात, पंधरा-वीसच्या वेगात, चिमणीच्या चिवचिवाटासारखा आवाज येऊ लागला आणि रिव्हर्स टाकताना खालून ‘ठक’ असा दणका बसू लागला. आवाज चाकाचा की शाफ्टचा, हे ठरवण्यासाठी मी गाडी सपाट जागी उभी करून मागच्या टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर (ट्रान्सफर केसकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्यावर) खडूने खूण केली आणि मुलगा व सालदार या दोघांना ती हळूहळू ढकलायला लावली. चाकाचा एक फेरा होईपर्यंत शाफ्टचे साडेचार फेरे झाले. चिवचिवही त्याच गतीने, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात चार-पाच वेळा येत होती. शाफ्टच्या मागच्या जॉइंटच्या क्रॉसभोवती (कोनातही शाफ्ट फिरू देणाऱ्या, अधिकच्या चिन्हासारख्या भागाभोवती) वीटकरी रंगाची भुकटी साचलेली दिसली. आतल्या बेरिंगच्या सुया ग्रीसअभावी गंजल्या की हीच भुकटी बाहेर पडते. (ही तपासणी एकच चाक जॅकवर उचलून करू नये. एक चाक स्थिर आणि दुसरे फिरते असेल तर डिफ्रन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरांमुळे, शाफ्ट निम्माच फिरतो व हिशेब चुकतो. शिवाय हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागे असलेल्या गाडीचे एक मागचे चाक उचलले की तो ब्रेक गाडीला धरून ठेवू शकत नाही. चाकांना दगड लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नये.)

क्रॉस एका गॅरेजमध्ये बदलून घेतले. चिवचिव आणि दणका दोन्ही गेले, पण घरी परतताना पंचेचाळीस ते साठच्या दरम्यान गाडीच्या तळातून एक घुमणारा, बसल्या जागी मणक्याला जाणवणारा आवाज सुरू झाला. गॅरेजमध्ये निदान झाले ते क्राऊन-पिनियन (शाफ्टची गती चाकांकडे वळवणारी, डिफ्रन्शियलमधली गिअरांची जोडी) गेल्याचे, आणि जोडी बदलण्याचा खर्च ऐकून मी काही दिवस गाडी उभीच ठेवली. माझ्या गावचे एक वयस्कर मिस्तरी तेव्हा एवढेच म्हणाले, “भाऊ, आवाज कथाईन येस ते पहिले देखा, मंग खोला.” (आवाज कुठून येतो ते आधी बघा, मग खोला.) त्यांच्या त्या एका वाक्यामुळे मी पुढची सगळी तपासणी स्वतः केली.

सर्वप्रथम वेग पन्नासवर स्थिर ठेवून ॲक्सिलरेटर दाबून पाहिला, सोडून पाहिला, मग न्यूट्रल करून गाडी वाहू दिली. क्राऊन-पिनियनच्या दातांचा आवाज बहुधा भार देताना किंवा भार सोडताना बदलतो. इथे तो तिन्ही वेळा तसाच राहिला. सिमेंटच्या आणि डांबरी रस्त्यावरही फरक पडला नाही, त्यामुळे जाड नक्षीच्या टायरवरचा संशय मिटला. पुढचे हब मोकळे असताना पुढचा शाफ्ट व डिफ्रन्शियल फिरतच नाहीत आणि आवाज तर त्याच स्थितीत येत होता, म्हणून पुढचा भागही निर्दोष ठरला.

शेवटी मागचा शाफ्ट, फ्लॅंजवर (जोडणीच्या चकतीवर) रंगाची खूण करून, पूर्ण उतरवला. अशा गाडीची ही मोठी सोय आहे: हब लॉक करून फोर-हायमध्ये (पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलना ताकद देणाऱ्या नेहमीच्या वेगाच्या गिअरमध्ये) टाकले की ती केवळ पुढच्या चाकांवर चालते. एरवी डांबरी रस्त्यावर फोर-हाय वापरू नये, कारण वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि मध्ये डिफ्रन्शियल नसल्याने सगळा ताण गिअरांवर साठतो. पण मागचा शाफ्टच नसल्यावर तो प्रश्न उरत नाही. साठपर्यंत गाडी नेली आणि आवाज पूर्ण नाहीसा झाला. मागचा पिनियन तेव्हाही चाकांबरोबर, भाराविना का होईना, फिरतच होता. तरी घुमणे थांबले, म्हणजे दोष डिफ्रन्शियलपेक्षा शाफ्टमध्ये असण्याचीच शक्यता अधिक होती.

उतरवलेला शाफ्ट ओट्यावर ठेवून पाहिला तेव्हा कारण डोळ्यांना दिसले. शाफ्टच्या दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत असावे लागतात. कोनात फिरणारा क्रॉस प्रत्येक फेऱ्यात दोनदा गती वाढवतो-घटवतो, आणि दुसऱ्या टोकाचा क्रॉस तो चढउतार खोडून काढतो. क्रॉस बदलताना शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा सरकता जॉइंट ओढून काढला गेला होता आणि परत बसवताना दाते चुकीच्या जागी लागले होते. एक योक आडवा, तर दुसरा जवळजवळ उभा. शाफ्टवरचे जुने बाणही होते, पण ग्रीस व धुळीच्या थराखाली दडलेले. रॉकेलने पुसल्यावर ते समोर आले. बाणासमोर बाण आणून शाफ्ट बसवला आणि त्याच संध्याकाळी चोपडा रस्त्यावर साठच्या वेगात मुलाशी साध्या आवाजात बोलता आले. क्राऊन-पिनियन आजही मूळचेच आहे, आणि याचे मला मनापासून समाधान वाटते.

उन्हाळ्यात उजवीकडे वळताना वाढणारी घरघर ऐकू आली. उजव्या वळणावर भार डाव्या चाकांवर जातो, म्हणून डावीकडचे पुढचे बेरिंग पाहिले आणि तेच निघाले. त्यात अर्धा दिवस गेला.

श्रावणातली गोष्ट मात्र गंभीर होती. पालजवळ सुकी नदीच्या पाण्यातून गाडी काढल्यावर चार दिवसांनी मागच्या डिफ्रन्शियलमधून बारीक शीळ येऊ लागली. ड्रेनचा बोल्ट सैल केला तर तेल चहाच्या रंगाचे आणि दुधाळ निघाले. हाउसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा ये-जा करण्याचे छिद्र) काळ्या मातीने बुजला होता. तापलेले हाउसिंग थंड पाण्यात शिरताच आतली हवा आकुंचन पावली आणि ऑइल सीलमधून पाणी ओढले गेले. तेल दोनदा बदलले, ब्रीदरला रबरी नळी लावून तिचे तोंड वर बॉडीपाशी नेले. हायपॉइड डिफ्रन्शियलसाठी मी जीएल-5 दर्जाचे नव्वद नंबर तेल वापरतो, पण तेच गिअरबॉक्समध्ये ओतत नाही, कारण त्यातील काही रसायने पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्यांना) अपायकारक ठरू शकतात.

शीळ कमी झाली आहे, पूर्ण गेलेली नाही. ॲक्सिलरेटर सोडल्यावर चाळीसच्या आसपास ती अजून ऐकू येते. ही खूण पिनियनच्या बेरिंगची असू शकते, म्हणून फ्लॅंज हाताने वर-खाली हलवून खेळ पाहतो आणि दर महिन्याला त्याच रस्त्यावर, त्याच वेगात मोबाइलवर आवाज नोंदवून ठेवतो. लो-रेंजमध्ये (जास्त ओढीच्या, संथ गिअरमध्ये) येणारी ट्रान्सफर केसची किणकिण पहिल्या दिवसापासून तशीच आहे आणि तिला मी हात लावलेला नाही. कापूस वेचणी आटोपली की पिनियनची दोन्ही बेरिंगे आणि सील बदलणार आहे. सुटे भाग धुळ्याहून आणून ठेवले आहेत.