बदललेल्या गोष्टींतून वाचन-लेखन : तिसरीच्या वर्गातील आठ महिन्यांचा अनुभव

शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. तिसरीतील एक मुलगा चिमणी-कावळ्याची गोष्ट मला वाचून दाखवत होता. वाचन खणखणीत होते आणि तो कोठेही अडखळत नव्हता, परंतु त्याचे बोट दुसऱ्याच ओळीवर असल्याचे माझ्या लक्षात आले. मी हलकेच पानावर हात ठेवला, तरीही त्याचे वाचन थांबले नाही. ती गोष्ट त्याला पाठ होती. वर्गातील आणखी किती मुले अशीच वाचतात, हे पाहण्यासाठी दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दोनच ओळी लिहिल्या : ‘कावळ्याचे घर होते शेणाचे. चिमणीचे घर होते भाड्याचे.’ बहुतेकांनी सवयीने ‘मेणाचे’ असेच म्हटले. तीन-चार जण मात्र थबकले, पुन्हा मागे गेले, ‘भा-ड्या-चे’ असे एकेक अक्षर लावून त्यांनी तो शब्द वाचला आणि ती हसली. त्या हसण्याने मला या पद्धतीकडे वळवले. जुलैपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत आठवड्यातून तीन तासिका मी मुलांच्या ओळखीच्या गोष्टी विनोदी अंगाने बदलून त्यांतूनच वाचन-लेखन घेतले. त्याचा अनुभव येथे सविस्तर नोंदवते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. सातारा जिल्ह्यातील ऊसपट्ट्यात असलेल्या एका गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. वर्गात जूनमध्ये बावीस मुले होती आणि दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांची चार मुले त्यांत आली. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यातील ‘समजून’ हा शब्दच आम्हा शिक्षकांना सर्वांत अवघड जातो, कारण मूल वाचते की नाही हे कानाला ऐकू येते, पण त्याला समजते की नाही हे ऐकू येत नाही. प्रश्न विचारले तर धड्यातील वाक्य जसेच्या तसे उत्तर म्हणून येते, आणि पुष्कळदा ते बरोबरही असते.

विनोदी रूपांतराचा सर्वांत मोठा उपयोग मला नेमका येथे झाला. गमतीचा शब्द मी शक्यतो वाक्याच्या शेवटी ठेवते. मूल ओळखीच्या वाटेने तेथवर येते आणि तेथे अपेक्षेपेक्षा वेगळाच शब्द उभा असतो. अंदाजाने पुढे जाता येत नाही, अक्षरे लावावीच लागतात, आणि ती लावल्यावर अर्थ लागला तरच हसू येते. त्यामुळे मी एक नियम कटाक्षाने पाळला : कागद हातात दिल्यावर पहिली पाच मिनिटे मूकवाचन, आणि मी फक्त चेहऱ्यांकडे पाहायचे. कोण कोणत्या ओळीवर हसते, कोण मागे जाऊन पुन्हा वाचते, आणि कोण शेजाऱ्याकडे पाहून मग हसते, हे त्या पाच मिनिटांत जितके स्पष्ट दिसले, तितके मला कोणत्याही तोंडी परीक्षेत दिसले नव्हते. शेजाऱ्याकडे पाहून हसणाऱ्या मुलांची नावे मी वहीत टिपून ठेवत असे, कारण प्रत्यक्ष मदतीची गरज त्यांनाच होती. ही मुले एरवी वर्गात अजिबात उठून दिसत नाहीत.

पहिली पूर्ण गोष्ट मी चिमणी-कावळ्याचीच लिहिली. पावसाळ्याचा भाग तसाच ठेवून पुढे वैशाख आणला. उन्हाने चिमणीचे मेणाचे घर वितळू लागते, ती कावळ्याच्या नव्या शेणाच्या गारेगार घराशी येऊन ‘कावळेदादा, कावळेदादा, दार उघड’ म्हणते आणि आतून उत्तर येते, ‘थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालतो.’ मग पुसतो, तीट लावतो, झोपवतो, असे सगळे क्रमाने येते. मूळ गोष्टीतील ही आवर्तने वाचनासाठी फार मोलाची आहेत. वाक्याचा सांगाडा तोच राहतो आणि क्रियापद तेवढे बदलते, त्यामुळे कच्च्या वाचकालाही चौथ्या-पाचव्या वेळी ओघ सापडतो. एका मुलीने हात वर करून विचारले, ‘‘बाई, कावळ्याच्या बाळाला तीट पांढरी लावली असेल ना? काळी कशी दिसणार?’’ कागदावर असे काहीच लिहिलेले नव्हते. वाचलेल्या मजकुराच्या पलीकडे जाऊन केलेला तो विचार होता, आणि तो आपण होऊन आला होता.

म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीने असाच हात दिला. ‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन’ हे सगळ्यांना पाठ आहे. माझ्या रूपांतरात म्हातारीची वाट पाहून पाहून वाघच वाळून जातो आणि भोपळा थांबवून ‘म्हातारी राहू दे, थोडी तूप-रोटी उरली आहे का?’ असे विचारतो. ती वाचताना वर्गातील सर्वांत अबोल मुलाने वाघाचा संवाद मोठ्याने, आवाज बारीक करून वाचला. विरामचिन्हे शिकवण्यासाठी मला त्यानंतर वेगळा पाठ घ्यावा लागला नाही. प्रश्नचिन्हाशी आवाज वर का जातो, हे त्या वाघाने समजावले.

परदेशी परीकथांच्या बाबतीत मात्र मी घाई केली आणि ती अंगाशी आली. ऑगस्टमध्ये मी सिंड्रेलाची बदललेली गोष्ट आणली. वर्ग शांत राहिला, कारण निम्म्याहून अधिक मुलांना मूळ गोष्टच ठाऊक नव्हती. जे माहीतच नाही ते बदलले आहे, हे कळणार कसे? मी तो कागद बाजूला ठेवला, पुढचे दोन दिवस मूळ गोष्ट केवळ तोंडी सांगितली आणि मगच रूपांतर वाचायला दिले. त्या दोन दिवसांत मुलांनी एक दुवा स्वतःच शोधला. परी भोपळ्याची गाडी करते असे मी सांगताच मागच्या ओळीतून ‘‘टुणूक टुणूक जाते का?’’ असा प्रश्न आला, आणि म्हातारी व सिंड्रेला एकाच भोपळ्यातून निघाल्याची गोष्ट पुढचा आठवडाभर चालली. हा भोपळा व काचेचा बूट शार्ल पेरो यांच्या १६९७ सालच्या फ्रेंच कथेतले आहेत. ग्रिम बंधूंच्या जर्मन कथेत भोपळा नाही आणि बूट सोन्याचा आहे. लाल टोपीवालीचेही तसेच. पेरोंच्या कथेत लांडगा तिला खातो आणि गोष्ट तेथेच संपते, तर ग्रिम बंधूंच्या कथेत शिकारी येऊन तिला व आजीला वाचवतो.

एकाच गोष्टीची अशी वेगवेगळी रूपे असतात, ही माहिती मला एका पालकभेटीत उपयोगी पडली. एका मुलाच्या आजी शाळेत आल्या आणि ‘‘बाई, तुम्ही पोरांना उलटसुलट गोष्टी शिकवता, खरी गोष्ट विसरतील ना ती,’’ असे काळजीने म्हणाल्या. त्यांचे म्हणणे मी मनापासून ऐकले, कारण त्या काळजीत तथ्य होते. मी त्यांना वर्गातच बसवून चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगायला विनंती केली. त्यांच्या गोष्टीत कावळा शेवटी तापल्या तव्यावर बसतो. तीन मुलांनी लगेच सांगितले की त्यांच्या घरच्या गोष्टीत तवा नसतोच. आजी हसून म्हणाल्या, ‘‘आमच्या आईची अशीच होती.’’ त्या दिवसापासून प्रत्येक रूपांतराच्या आधी घरून मूळ गोष्ट ऐकून यायची, असा पाठ मी ठेवला. त्यामुळे मूळ गोष्टी विसरल्या तर गेल्या नाहीतच, उलट घरात त्या पुन्हा सांगितल्या जाऊ लागल्या.

लेखनाकडे मी सप्टेंबरमध्ये वळले. कोऱ्या पानावर ‘गोष्ट लिहा’ असे सांगितले की बहुतेक मुले पहिल्या वाक्यापाशीच थांबतात. येथे सांगाडा तयार असतो. पहिले दोन आठवडे केवळ एक शब्द बदलायचा, मग एक वाक्य, मग एक पात्र, आणि सहाव्या आठवड्यापासून शेवट. टोपीवाला आणि माकडांच्या गोष्टीवर केलेला प्रयोग मला सर्वांत समाधान देऊन गेला. माझ्या रूपांतरात माकडे टोप्या घेऊन पळतात, पण दुसऱ्या दिवशी ‘घट्ट होतात, बदलून द्या’ म्हणून परत येतात. मुलांनी माकडांच्या वतीने टोपीवाल्याला अर्ज लिहिला. प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू ही सगळी मांडणी एरवी कंटाळवाणी होते, परंतु ‘विषय : टोपी बदलून मिळणेबाबत’ हे प्रत्येकाने जीव लावून लिहिले. एकाने अर्जासोबत ‘डोक्याचे माप जोडले आहे’ अशी ओळ घातली आणि खाली सुतळीचा तुकडा चिकटवला.

शुद्धलेखनाविषयी एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका मुलाची मात्रा गळाली आणि ‘चिमणीचे घर मणाचे होते’ असे त्याने लिहिले. मी ते चूक म्हणून खोडले नाही. फळ्यावर दोन्ही शब्द लिहून ‘मण’ म्हणजे काय ते घरी विचारून या, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी चाळीस शेरांचा मण वर्गात आला, आणि मणभर वजनाचे घर फांदीवर कसे राहील, यावर मुलांनी गोष्ट लिहिली. त्यात फांदी मोडली, घर कावळ्याच्या दारात पडले आणि शेजार सुरू झाला. एका मात्रेने घराचे वजन बदलते, हे ध्यानात आल्यावर त्या मुलाने पुढे स्वतःचे लेखन स्वतः तपासायला सुरुवात केली. सगळ्या चुका मात्र अशा गमतीच्या नसतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना या पद्धतीचा फारसा उपयोग झाला नाही, त्यांसाठी श्रुतलेखन आणि सराव हेच कामी आले.

अडचणीही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. जी मुले अद्याप अक्षरे आणि बाराखडीपाशी आहेत, त्यांना ही पद्धत पुढे नेत नाही. माझ्या वर्गात अशी पाच मुले होती. इतर हसत असताना आपल्याला काही कळले नाही, ही जाणीव त्यांना बोचते आणि मग ती हसण्याचे सोंग करतात. सप्टेंबरपर्यंत हे मला नीट दिसले नव्हते, याचे वाईट वाटते. त्यानंतर त्यांच्यासाठी मी तीन-चार शब्दांच्या, जोडाक्षरे टाळलेल्या ओळी वेगळ्या लिहिल्या आणि त्या त्यांना आदल्या दिवशी माझ्यापाशी बसवून वाचायला दिल्या. वर्गात ती ओळ आली की हसणाऱ्यांत ती पहिली असत. पाचांपैकी तिघे फेब्रुवारीपर्यंत लहान परिच्छेद वाचू लागले. दोघांना अजून एकेका अक्षराचेच काम करावे लागते आहे.

दुसरी अडचण विनोदाच्या जातीची आहे. मोकळे सोडले की मुलांच्या लेखनात जाडेपणा, तोतरेपणा, कोणाचे पडणे-मार खाणे हेच येते, आणि त्यात वर्गातील एखादे मूल ओळखू येते. मी एकच अट घातली : गोष्टीत गंमत प्रसंगाची असावी, शरीराची नसावी. सावत्र आईची थट्टा असलेले हिमगौरीचे रूपांतर मी एकदाच वाचले. एक मुलगी खाली मान घालून बसली आणि दिवसभर बोलली नाही. तो कागद मी त्यानंतर कधीही बाहेर काढला नाही. आपल्या वर्गातील घरे ठाऊक असल्याखेरीज तयार विनोदी गोष्ट थेट वर्गात नेऊ नये, हे मी आता आग्रहाने सांगते.

दिवाळीनंतर आलेल्या ऊसतोडणीच्या मुलांनी आणखी एक बाजू दाखवली. त्यांपैकी दोघांच्या घरी गोरमाटी ही बंजारा समाजाची बोली बोलली जाते. चिऊ-काऊची गोष्ट त्यांच्या ओळखीची नव्हती आणि बदललेल्या गोष्टीत हसण्यासारखे काय आहे, हे त्यांना कळणे शक्यच नव्हते. मी त्यांतल्या मोठ्या मुलीला तिच्या आजीची गोष्ट तिच्याच बोलीत सांगायला लावली. वर्गाला काही शब्द कळले, काही तिने हातवारे करून समजावले. मग आम्ही ती मराठीत फळ्यावर लिहून घेतली आणि तिचा शेवट बदलण्याचा पहिला मान तिला दिला. तिने एकच वाक्य बदलले आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच खुदकन हसली. मार्चमध्ये ती तोडणीसोबत पुढच्या गावी गेली. जाताना तिच्या दप्तरात मी तिच्या गोष्टीची प्रत ठेवली.

वेळेचा हिशोबही ध्यानात घ्यावा. एक चांगले रूपांतर लिहायला मला दोन संध्याकाळी लागतात. वर्ग मोठ्याने हसतो, आणि पातळ भिंतीपलीकडील वर्गाला त्याचा त्रास होतो, म्हणून मोठ्याने वाचन आम्ही व्हरांड्यात किंवा लिंबाखाली घेतो. काही मुले परिसर अभ्यासाच्या उत्तरांतही विहिरीला बोलते करू लागली. तेथे माहिती जशीच्या तशी लिहायची असते आणि गोष्टीत ती बदलता येते, हा फरक मला दोन तासिका खर्चून समजावावा लागला, परंतु त्या तासिका वाया गेल्या असे मी मानत नाही.

येत्या जूनपासून मी दोन बदल करणार आहे. पहिले रूपांतर देण्याआधी महिनाभर केवळ मूळ गोष्टी ऐकायच्या, आणि प्रत्येक रूपांतराची सोपी व अवघड अशी दोन रूपे पहिल्या दिवसापासून तयार ठेवायची. आजतागायत सतरा गोष्टी झाल्या आहेत. त्यांपैकी अकरा मी लिहिलेल्या असून सहा मुलांच्या आहेत. मुलांच्या सहा गोष्टी आम्ही जाड कागदावर उतरवून, सुतळीने शिवून वर्गाच्या खिडकीत ठेवल्या आहेत. मधल्या सुट्टीत दुसरीतील मुले येऊन त्या वाचतात. ‘मणाचे घर’ या पुस्तकाची शिवण दोनदा उसवली, म्हणून आता त्याची दुसरी प्रत करायला घेतली आहे.