टूरिंग बाइकला तिसरं चाक: नाशिकमधून निघणाऱ्याने काय निवडावं?

गुडघा साथ देईनासा झाला, एका पायातला जोर कमी झाला किंवा मागे बसणाऱ्या जोडीदाराला चढणं-उतरणं जड जायला लागलं, की टूरिंगची, म्हणजे बाइकवरून लांबच्या प्रवासाची, आवड असलेला माणूस तिसऱ्या चाकाचा विचार करू लागतो. व्हिडिओंमध्ये होंडाच्या गोल्डविंग या वजनदार टूरिंग बाइकच्या मागे दोन रुंद टायर लावलेली ट्राइक दिसते आणि हाच एक मार्ग आहे असं वाटून जातं. खरं तर मार्ग चार आहेत. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आधाराची चाकं लावता येतात, मागचं एक चाक काढून दोन चाकांचा ॲक्सल (आस) बसवता येतो, साइडकार म्हणजे बाजूला स्वतःच्या चाकावर चालणारी बैठक जोडता येते, किंवा दोन चाकांवरच राहून गाडी बदलता येते.

यातला पर्याय गाडी बघून ठरवू नका, अडचण बघून ठरवा. सिग्नलला गाडीचं वजन पेलवत नाही ही एक अडचण. पाय टेकताच येत नाही ही दुसरी. सोबत माणूस किंवा सामान न्यायचंय ही तिसरी. तिन्हींसाठी एकच उत्तर नाही.

आधी कायदा बघू, कारण तिथेच बरेच बेत अडतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र याच कायद्याने एक दार उघडं ठेवलंय. दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी केलेला बदल ‘अडॅप्टेड व्हेइकल’ म्हणून मान्य होतो. त्यासाठी नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि गाडी फक्त त्या व्यक्तीसाठीच वापरायची असते. साइडकारचा उल्लेख तर मोटारसायकलच्या व्याख्येतच आहे: सुटी करता येणारी, जादा चाकाची साइडकार जोडली तरी कायद्याच्या दृष्टीने ती मोटारसायकलच राहते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नसेल आणि फक्त हौस असेल, तर भारतात नोंदवलेल्या बाइकचा मागचा भाग कापून ट्राइक करू नका. गाडी दिसायला देखणी होईल, पण अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न त्या बदलाबद्दल विचारेल, आणि समोरच्या जखमी माणसाची भरपाई तुमच्या अंगावर येऊ शकते. पेठ रोडच्या आरटीओत आधी चौकशी करा, जे काय ते लेखी घ्या आणि मगच गॅरेजवाल्याला आगाऊ रक्कम द्या. आणखी एक गोष्ट. तिसरं चाक आलं म्हणून सिन्नरहून समृद्धी महामार्गावर चढता येईल असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. तिथे दुचाकीसारखीच तीनचाकीलाही बंदी आहे.

आता चालवण्याकडे येऊ. नवख्यापेक्षा जुन्या, मुरलेल्या चालकानेच इथे जास्त जपायला हवं. बाइक वळणात झुकते. वेगात डावीकडे वळायचं तर आपण नकळत डावं हँडल पुढे ढकलतो आणि गाडी डावीकडे कलते. ट्राइक झुकत नाही. तिथे डावीकडे जायचं तर हँडल खरोखर डावीकडे फिरवावं लागतं, म्हणजे उजवा हात पुढे ढकलायचा. वर्षानुवर्षांची सवय नेमकी उलटी पडते. शिवाय वळणात अंग बाहेर फेकलं जातं, त्यामुळे मागे बसणाऱ्याला पाठ आणि कडेला आधार हवाच. हँडल जड होतं म्हणून चांगल्या ट्राइक किटसोबत (रूपांतराच्या भागांच्या संचासोबत) फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दांडे, थोडा अधिक तिरका धरणारा वेगळा जोड, ट्रिपल ट्री, देतात. त्याने हँडल हलकं होतं. तो नसेल तर लांबच्या प्रवासात खांदे भरून येतात.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा घाटाचा, कारण नाशिकमधून टूरिंगला निघालेल्या माणसाला घाट टळत नाही. मुंबईकडे कसारा, वणीकडे नांदुरीहून सप्तशृंगी गडाची चढण, सुरगाण्याच्या बाजूला सापुतारा. पुढे एक आणि मागे दोन चाकं असलेली गाडी उतारावर वळणात ब्रेक लावला की वजन पुढच्या एकट्या चाकाकडे ढकलते. मागच्या रुंदीचा आधार नेमका तेव्हाच कमी होतो, आतल्या बाजूचं मागचं चाक हलकं होतं आणि वेग जास्त असेल तर उचलतं. कॅन-ॲम स्पायडरसारख्या, पुढे दोन चाकं असलेल्या गाडीत हा दोष बराच कमी असतो, कारण ब्रेक लावल्यावर वजन रुंद बाजूकडेच जातं. पण नेहमीच्या बाइकचं रूपांतर बहुतेक वेळा मागूनच होतं. तेव्हा ट्राइक घेणार असाल तर वेग वळणाआधी सरळ रस्त्यावर कमी करायचा, गिअर खाली घ्यायचा आणि वळणात ब्रेकला हात लावायचा नाही, ही शिस्त अंगी बाणवावी लागेल. ती जमणार नसेल तर हा पर्याय सोडा.

ॲक्सलचे दोन प्रकार आहेत. सरळ, एकसंध ॲक्सल स्वस्त पडतो आणि कमी सुट्या भागांमुळे दुरुस्तीलाही सोपा असतो. पण एक चाक खड्ड्यात गेलं की सगळा मागचा भाग त्या बाजूला कलतो आणि मागे बसलेला माणूस आडवा हिसका खातो. दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर हिसका बराच कमी होतो. पावसाळ्यानंतरचा घोटी-इगतपुरीचा किंवा त्र्यंबक पट्ट्यातला रस्ता डोळ्यांसमोर आणा. बाइकचा माग एकच असतो, ट्राइकचे तीन. पुढचं चाक वाचवलं तरी मागचं एखादं खड्ड्यात जातंच. म्हणून पैसे घालायचेच तर स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये घाला, रंगकामात नको. डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग, आहे ना, हेही विचारा. तो नसेल तर घट्ट वळणात आतलं आणि बाहेरचं चाक एकाच गतीने फिरायला बघतात, टायर घासतात आणि गाडी सरळच जाऊ पाहते.

स्कूटरला लावतात तशी बाजूची आधाराची चाकं मोठ्या बाइकलाही बसवता येतात. चॅसिस कापावी लागत नाही, मूळ मागचं चाकच गाडी ढकलतं आणि खर्च ट्राइकच्या मानाने कमी असतो. परवानगी मात्र यालाही लागते. ज्याला पाय टेकताच येत नाही, पण प्रवास शहर आणि जवळपासचाच आहे, त्याला मी हेच सुचवेन. फक्त चाकं स्प्रिंगवर हवीत. ती ताठ बसवली असतील तर खोलगट जागेत बाजूची चाकं टेकतात, मधलं अधांतरी राहतं आणि जागच्या जागी फिरतं. रस्त्याचा उतार कडेला असतो, त्यामुळे गाडी सतत डावीकडे ओढत राहते, हेही धरून चाला.

साइडकार मला मनापासून आवडते, पण ती ज्याचे पाय दुखतात त्याच्यासाठी नाही, सोबत कुणाला न्यायचंय त्याच्यासाठी आहे. आपल्याकडे ती डावीकडे असते. रेस दिली की गाडी डावीकडे ओढते, ब्रेक दाबला की उजवीकडे. रिकामी असताना डाव्या वळणावर तिचं चाक उचलतं, म्हणून एकटं निघताना तिच्यात वजन ठेवायचं. क्लच, गिअर आणि हँडल या सगळ्याला ताकद लागतेच.

आणि चौथा पर्याय, ज्याकडे फारसं कुणी बघत नाही. अडचण फक्त सिग्नलला वजन पेलण्याची असेल तर हलकी किंवा बुटकी गाडी घ्या. गोल्डविंग टूर साधारण ३९० किलोची आहे, रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० सुमारे १९५ किलोची. एनफिल्डच्याच सुपर मिटिअर ६५० चं वजन २४१ किलो असलं तरी सीट ७४० मिलिमीटरवर आहे, त्यामुळे दोन्ही पाय सपाट टेकतात. पूर्ण ट्राइक किट गोल्डविंगवर शंभर किलोंहून जास्त भर घालतं, ते वेगळंच. गुडघ्याची तक्रार सुरुवातीची असेल तर माझं पहिलं मत इथेच पडेल.

तरीही ट्राइक ठरलीच, तर दोन गोष्टी पैसे देण्याआधी मागा. एक, हँडब्रेक, कारण गिअरमध्ये टाकून उतारावर ठेवलेल्या गाडीवर भरवसा ठेवता येत नाही. दोन, रिव्हर्स. गोल्डविंगला तो मुळातच आहे, एनफिल्डला नाही. नांदुरीच्या पार्किंगमध्ये तोंड उताराकडे करून लावलेली ट्राइक पायाने मागे रेटता येत नाही, आणि ज्याच्या पायासाठी ती केली त्याला तर नाहीच. तयार गाडी ताब्यात घेताना जोडीदाराला मागे बसवा, सामान भरा आणि सप्तशृंगी गड चढून-उतरून या. उतरताना हँडल हातात थरथरलं किंवा मागून घासल्याचा वास आला, तर गाडी गॅरेजला परत द्या आणि दुरुस्त होईपर्यंत उरलेली रक्कम देऊ नका.